श्रेयाची चोरी : अमेरिकेच्या प्राचीन संस्कृती कुणी उभारल्या?

१/
समाजमाध्यमांवर एक चित्र वारंवार फिरत असते. डावीकडे एखादे दाक्षिणात्य गोपुर, उजवीकडे ग्वातेमालातील तिकालचे पायऱ्यापायऱ्यांचे मंदिर आणि खाली ठसठशीत अक्षरांत निष्कर्ष : अमेरिकेतील ‘माया’ संस्कृती आपल्या मयासुराने वसवली. त्याखाली अभिमानाने ओथंबलेले शेरे. हा दीर्घ धागा त्या अभिमानाविरुद्ध आहे. इतिहासावर मनापासून प्रेम करणाऱ्या तरुण वाचकांनी तो शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

२/
माझा आक्षेप केवळ तपशिलातील चुकीला नाही. चुका सर्वांकडून होतात व सुधारल्याही जातात. येथे एका जनसमूहाने हजारो वर्षे राबून जे घडवले, त्याचे श्रेय त्याच्याकडून काढून दुसऱ्याला बहाल केले जाते. ही श्रेयाची चोरी आहे. ती आपण सुरू केलेली नाही. युरोपीय वसाहतवाद्यांनी ती आधी केली आणि त्यांच्या हाती ती जमिनी बळकावण्याचे साधन बनली. ते साधन कसे चालले, हे पाहिल्यावर आपण नकळत कुणाच्या पंगतीला बसतो आहोत, हे ध्यानी येईल.

३/
प्रथम वस्तुस्थिती. पेरूच्या किनाऱ्यालगत, सुपे नदीच्या खोऱ्यात कराल नावाचे नगर आहे. रुथ शेडी या पेरूच्या पुरातत्त्वज्ञ विदुषीने तेथे दीर्घकाळ उत्खनन केले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कार्बन कालमापनानुसार त्या नगराचा काळ इ.स.पू. २६०० च्या आसपास जातो. म्हणजे आपली हडप्पा-मोहेंजोदडो ही नगरे भरास येत होती, तोच काळ. प्रचंड चौथरे, वर्तुळाकार खोलगट चौक, पण मातीची भांडी मात्र नाहीत. खोऱ्यात पिकणारा कापूस, त्याची जाळी आणि किनाऱ्यावरून येणारी मासळी, या देवाणघेवाणीवर ते नगर उभे होते.

४/
पुढे मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावर ओल्मेक लोकांनी बेसॉल्ट खडकातून राजांची प्रचंड शिरे कोरली. अशी सतरा शिरे आजवर सापडली आहेत. मध्य मेक्सिकोत टेओटिवाकान हे लाखाच्या घरातील वस्तीचे नगर उभे राहिले. मायांनी संपूर्ण लेखनपद्धती घडवली आणि विसाच्या पटीत चालणाऱ्या अंकलेखनात शून्याचे चिन्ह स्वतंत्रपणे योजले. १३२५ च्या सुमारास सरोवरातील बेटावर वसलेल्या टेनोच्टिट्लानमध्ये, स्पॅनिश सैनिक १५१९ साली पोहोचले तेव्हा, सुमारे दोन लाख लोक राहत असावेत, असा अंदाज आहे.

५/
दक्षिणेकडे अँडीज पर्वतात इंका राज्यकर्त्यांनी, काही जुने मार्ग जोडत, ३०,००० किलोमीटरहून लांब रस्त्यांचे जाळे विणले. गाडी नाही, घोडा नाही. टप्प्याटप्प्यावर ताज्या दमाचे धावपटू निरोप पोहोचवीत. हिशेब ‘किपू’ या गाठी मारलेल्या दोरांच्या गुच्छांत ठेवला जाई. बटाटे रात्रीच्या हिमात गोठवून, तुडवून, उन्हात वाळवून वर्षानुवर्षे टिकवले जात. आपुरिमाक नदीवरचा गवती दोरांचा एक झुलता पूल आजही तेथील गावकरी दरवर्षी एकत्र येऊन नव्याने विणतात.

६/
अशा वैभवासमोर उभे राहिल्यावर युरोपीय मनाला एक प्रश्न छळू लागला : हे बांधले कुणी? उत्तर डोळ्यांसमोर होते. बांधणाऱ्यांचे वंशज तेथेच राहत होते, त्याच भाषा बोलत होते, तोच मका पेरत होते. तरीही उत्तरे निघाली ती इस्राएलच्या हरवलेल्या टोळ्या, फिनिशियन, इजिप्शियन, वेल्श आणि बुडालेल्या अटलांटिसचे रहिवासी अशी. समोरचा शेतकरी सोडून जगातील प्रत्येक जण संशयितांच्या यादीत होता.

७/
या प्रवृत्तीचे सर्वांत भयानक फळ उत्तर अमेरिकेत दिसते. मिसिसिपी व ओहायो नद्यांच्या खोऱ्यांत मातीचे हजारो मानवनिर्मित टेकाड आहेत. आजच्या सेंट लुइस शहराजवळच्या काहोकिया येथे ११०० च्या सुमारास १० ते २० हजार लोकांचे नगर होते. त्याच्या मध्यभागीचे मोठे टेकाड सुमारे ३० मीटर उंच आहे. माती टोपल्यांत भरून, पाठीवर वाहून ते रचले गेले. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ठरवून टाकले की, हे काम येथील ‘इंडियनां’चे असूच शकत नाही, कोणती तरी थोर, लुप्त झालेली जमात होती आणि या रानटी लोकांनी तिचा संहार केला.

८/
हा सिद्धान्त दिवाणखान्यातील गप्पांपुरता राहिला नाही. मे १८३० मध्ये अमेरिकेत मूळनिवासी जमातींना मिसिसिपीच्या पलीकडे हाकलण्याचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात त्या टेकाडांचा दाखला दिला. युक्तिवाद असा की, एक बलाढ्य वंश आजच्या जमातींना जागा करून देत नाहीसा झाला; आता या जमातींनी इतरांना जागा करून दिली, तर त्यात शोक करण्यासारखे काय आहे?

९/
त्या युक्तिवादाचे गणित नीट पाहा. टेकाडे ‘इंडियनां’ची नाहीत, म्हणजे भूमीवरचा त्यांचा हक्कही जुना नाही. ते स्वतःच आक्रमक, तेव्हा त्यांना हुसकावणे हा अन्याय ठरत नाही. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे नेण्यात आले. भूक, थंडी व रोगराईने त्या वाटेवर सुमारे ४,००० माणसे मेली, असा प्रचलित अंदाज आहे. त्या वाटेला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात. पूर्वजांचे श्रेय आधी गेले, पाठोपाठ जमीन गेली.

१०/
सायरस थॉमस यांनी स्मिथसोनियन संस्थेच्या मानववंश विभागासाठी टेकाडांची पाहणी करून, ती आजच्या मूळनिवासींच्या पूर्वजांनीच रचली, हे सिद्ध केले. त्यांचा अहवाल १८९४ साली निघाला. तोवर हाकलायचे ते लोक हाकलून झाले होते. सेंट लुइस शहरातील सर्वांत मोठे टेकाड तर १८६९ पर्यंत खणून सपाट करण्यात आले होते. सत्य उशिरा का होईना समजते, हे वाक्य उच्चारताना या तारखा डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

११/
‘त्या काळी त्यांना याहून अधिक कळणे शक्य नव्हते’ ही सबबही टिकत नाही. जॉन लॉइड स्टीफन्स हा प्रवासी आणि फ्रेडरिक कॅथरवुड हा चित्रकार १८३९ साली मध्य अमेरिकेच्या जंगलांत शिरले. कोपान, पालेंके यांसारखी माया नगरे त्यांनी हिंडून पाहिली, रेखाटली. १८४१ च्या आपल्या प्रवासग्रंथात स्टीफन्सने मत मांडले की, ही नगरे इजिप्शियनांची वा आणखी कुणा परक्यांची नव्हेत. ती याच भूमीतील लोकांच्या पूर्वजांची आहेत. डोळे उघडे ठेवणाऱ्याला तेव्हाही दिसत होते.

१२/
विसाव्या शतकात इस्राएली टोळ्यांची जागा परग्रहवासीयांनी घेतली. मेक्सिकोतील पालेंके येथे अल्बर्तो रुस या पुरातत्त्वज्ञाने १९५२ साली एका मंदिराच्या पोटातील शवकक्ष उघडला. तेथील दगडी शवपेटीच्या झाकणावर तिरका रेललेला एक पुरुष कोरलेला आहे. एरिक फॉन डॅनिकेन याने १९६८ च्या आपल्या पुस्तकात जाहीर केले की, हा यान चालवणारा अंतराळवीर आहे. ते पुस्तक जगभर खपले आणि ते चित्र आजही आपल्या मोबाइलांवर येऊन आदळते.

१३/
एवढा गाजावाजा होत असताना त्या पेटीवरचा मजकूर काय सांगतो, हे किती जणांनी विचारले? युरी क्नोरोझोव यांनी १९५२ साली मांडले की, माया लिपीतील बरीच चिन्हे ध्वनी दर्शवतात. तात्याना प्रोस्कुरियाकोव्ह यांनी १९६० साली दाखवले की, शिलालेखांत राजांचा जन्म, राज्यारोहण व मृत्यू नोंदलेले आहेत. त्यानंतर पालेंकेचे लेख बोलू लागले. तो पुरुष आहे राजा किनिच हनाब पाकाल. इ.स. ६१५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी तो गादीवर आला आणि ६८३ मध्ये वारला. झाकणाच्या कडांवर त्याच्या पूर्वजांच्या मृत्युतिथी आहेत आणि ज्याला ‘रॉकेट’ म्हटले जाते तो विश्वाच्या मध्यावरचा वृक्ष आहे. पेटीच्या बाजूंवर त्याचे पूर्वज फळझाडांसह जमिनीतून उगवताना दाखवले आहेत.

१४/
आता दगडांकडे वळू. कुस्कोजवळच्या साक्सायवामान येथील भिंतींत काही शिळा शंभर टनांहून जड आहेत आणि त्या एकमेकींत घट्ट बसवलेल्या आहेत. ‘माणसाला हे अशक्य!’ असा उद्गार येथे ठरलेला. वास्तुशास्त्राचे अभ्यासक जाँ-पियेर प्रोत्सेन यांनी इंका खाणींत जाऊन कठीण दगडांच्या गोट्यांनी शिळा ठोकून, घडवून पाहिल्या; मूळ शिळांवर दिसतात तशाच खुणा उमटल्या. ओयांतायतांबो येथे तर खाणीपासून बांधकामापर्यंतच्या वाटेवर अर्ध्यातच सोडलेल्या शिळा आजही पडून आहेत. तेथील लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. परग्रहावरून येण्याइतके सामर्थ्य असलेल्यांचे दगड डोंगरउतारावर थकत नसतात. ती माणसांच्या खांद्यांची खूण आहे.

१५/
या पार्श्वभूमीवर आपल्या घरच्या आवृत्तीकडे येऊ. भिक्षू चमनलाल यांचे ‘हिंदू अमेरिका’ हे पुस्तक १९४० साली निघाले. पारतंत्र्यात पिचलेल्या समाजाला आपल्या पूर्वजांनी सागर ओलांडून खंड वसवले, ही कल्पना सुखावणारी होती, हे समजू शकते. त्या काळच्या जखमेबद्दल मला सहानुभूती आहे. परंतु आज आपण स्वतंत्र आहोत, आपल्या हाती उत्खननाचे अहवाल आहेत, वाचता येणारे शिलालेख आहेत. आज तीच कल्पना तपासल्याविना पुढे ढकलणे हा निव्वळ आळस आहे. तेव्हा तिचे आधार एकेक करून तपासू.

१६/
पहिला आधार नामसाम्याचा. महाभारतातील मय दानव हा शिल्पी, त्याने इंद्रप्रस्थात मयसभा उभारली. म्हणून ‘माया’ त्याचे! परंतु ‘माया’ हे नाव युकातान द्वीपकल्पातले आहे. मायापान हे नगर तेथलेच. ते साऱ्या समूहाला सरसकट लागले ते पुढच्या काळात. ज्या अभिजात काळातील मंदिरांची चित्रे फिरतात, तेथील लोक आपल्या नगरांच्या नावांनी ओळखले जात : पालेंकेचे जुने नाव लाकम्हा, तिकालचे मुतुल. निव्वळ उच्चारसाम्यावर इतिहास रचता येत नाही. फारसी ‘बद’ (आपल्या ‘बदनाम’मधला) आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एक आणि उच्चार जवळचा, तरीही भाषाशास्त्रानुसार त्या दोन शब्दांचे परस्परांशी काहीही नाते नाही.

१७/
मंदिरांच्या आकाराचे साम्यही असेच. लोखंडी सांगाड्यावाचून दगड-मातीचे उंच बांधकाम करायचे, तर पाया रुंद आणि माथा निमुळता ठेवावाच लागतो. धान्याची रासही तोच आकार घेते. हे गुरुत्वाकर्षणाने शिकवलेले आहे. त्यासाठी गुरू समुद्रापलीकडून यावा लागत नाही.

१८/
दुसरा आधार हत्तींचा. होंडुरासमधील कोपान येथील एका शिलास्तंभाच्या वरच्या कोपऱ्यांवर सोंडेसारखे काहीतरी वळलेले दिसते. ‘हा पाहा गजराज, म्हणजे भारत!’ ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ ग्राफ्टन एलियट स्मिथ यांनी १९२४ साली यावर एक आख्खे पुस्तक लिहिले. प्रत्यक्षात त्या मकाव पोपटांच्या वाकड्या चोची आहेत. स्तंभावरील लेखातच ‘मकाव पर्वता’चा उल्लेख वाचता येतो. तो स्तंभ इ.स. ७३१ मध्ये कोपानच्या राजाने उभारला आणि मकाव हा त्या परिसरातला पक्षी. ज्याने ते अरण्य पाहिले त्याला पोपट दिसला. ज्याने आधीच निष्कर्ष काढला होता त्याला हत्ती.

१९/
तिसरा आधार कालगणनेचा. मायांची दीर्घगणना इ.स.पू. ३११४ पासून सुरू होते आणि आपले कलियुग इ.स.पू. ३१०२ पासून, तेव्हा मूळ एकच, असे सांगतात. पण दोन्ही आरंभबिंदू पुष्कळ नंतरच्या काळात, उलटे गणित करून ठरवलेले आहेत. दीर्घगणनेतील सर्वांत जुने उपलब्ध लेख इ.स.पू. पहिल्या शतकातले आहेत. शिवाय मायांचे ते पर्व १८,७२,००० दिवसांचे, म्हणजे सुमारे ५,१२५ वर्षांचे. ते २०१२ च्या डिसेंबरात संपले, तेव्हाच्या जगबुडीच्या अफवा अनेकांना आठवत असतील. आपले कलियुग मात्र ४,३२,००० वर्षांचे. दोन घड्याळांचे काटे क्षणभर जवळ दिसले, म्हणून ती एकाच कारागिराने बनवली असे होत नाही.

२०/
चौथा आधार मक्याचा. कर्नाटकातील सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातील होयसळ मंदिरात मूर्तींच्या हाती मक्याची कणसे आहेत, असे १९८९ साली एका शोधनिबंधात मांडले गेले. त्याला उत्तर दिले ते पायक आणि सचान या भारतीय अभ्यासकांनी, १९९३ साली, त्याच नियतकालिकातून : ते कणीस नसून मुक्ताफळ आहे. मक्याचे मूळ तर दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात आहे. तेओसिंते या बारीकशा रानगवतातून तेथील माणसांनी सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मका घडवायला आरंभ केला. मानवाने केलेल्या वनस्पतिसंस्कारांत याला तोड कमीच.

२१/
कुणी म्हणेल, ‘कोलंबसापूर्वी महासागर ओलांडणे अशक्यच होते, असे तुमचे म्हणणे आहे का?’ मुळीच नाही. नॉर्स दर्यावर्दी कॅनडातील न्यू फाउंडलंडला पोहोचले होते. तेथे १९६० साली त्यांच्या वस्तीचा शोध लागला. लोखंडी खिळे, कांस्य टाचणी, सूतकताईची चकती अशा वस्तू मिळाल्या. तेथील लाकूड नेमके १०२१ साली तोडलेले होते, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले. पॉलिनेशियन नाविकांचा दक्षिण अमेरिकेशी संपर्क आला होता, हे पॅसिफिक बेटांवर पोहोचलेल्या रताळ्याने सुचवले आणि २०२० मध्ये जनुकीय अभ्यासाने त्याला पुष्टी दिली. खऱ्या संपर्काची चिन्हे मागे उरतात. मूठभर माणसांची अल्पकाळची छावणीदेखील हजार वर्षांनी सापडते.

२२/
मग आपल्या कल्पित खंडवसाहतीची चिन्हे कोठे आहेत? हजारो मैल जाऊन संस्कृती वसवणाऱ्यांनी सोबत गाय नेली नाही, तांदूळ-गहू नेला नाही, लोखंड गाळण्याची विद्या नेली नाही. मेक्सिकोत चाके असलेली मातीची खेळणी सापडतात; पण ओढणारे जनावर नसल्यामुळे तेथे गाडी नव्हती. आपल्या लोकांनी बैलगाडीही शिकवली नाही? आणि परतताना कुणी मूठभर मिरचीचे बी आणले नाही? प्राचीन संस्कृत ग्रंथांत तिखटासाठी मिरी आहे, पिंपळी आहे, सुंठ आहे. मिरची नाही.

२३/
सर्वांत कठोर साक्ष रोगाची आहे. १५२० साली टेनोच्टिट्लानमध्ये देवीची साथ शिरली. सम्राट क्विट्लावाक स्वतः तीत मेला. पुढील शतकभरात युरोपातून आलेल्या रोगांनी, युद्धांनी आणि वेठबिगारीने त्या खंडातील लोकसंख्या भीषण वेगाने घटली. हे रोग त्या लोकांच्या शरीरांना सर्वस्वी अनोळखी होते. जुन्या जगाशी त्यांचा शतकानुशतके, संस्कृती वसवण्याइतका निकट संबंध असता, तर देवी त्यांना पूर्वीच भेटली असती. त्यांचे एकाकीपण त्यांच्या मृत्यूंच्या संख्येत कोरलेले आहे.

२४/
यावर एक परिचित प्रत्युत्तर येते : ‘तुम्ही पाश्चात्त्यांची री ओढता; आपल्या पूर्वजांचा तुम्हाला अभिमान नाही.’ तर मग वेरूळला चला. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, एकसंध डोंगर वरून खाली कोरत कैलास लेणे साकारले. ‘हे परग्रहवासीयांनी केले’ असे सांगणाऱ्या चित्रफिती जगभर पाहिल्या जातात. त्या पाहून आपले रक्त उसळते आणि ते उसळलेच पाहिजे. कारण छिन्नी-हातोडा चालवणाऱ्या आपल्या पाथरवटांचा तो अपमान आहे. मग पालेंकेच्या पाथरवटाने आपल्याविषयी काय म्हणावे? स्वतःवरील अन्याय ओळखणारा माणूस तोच अन्याय दुसऱ्यावर करू लागला, तर त्याच्या संतापाला नैतिक वजन उरत नाही.

२५/
आणि हा अपमान मेलेल्यांपुरता नाही. ‘लुप्त झालेली माया संस्कृती’ हा शब्दप्रयोग आपण सर्रास करतो. माया लोक लुप्त झालेले नाहीत. मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ, होंडुरास येथे लाखो माया आज राहतात, माया कुलातील सुमारे तीस भाषा बोलतात. १९९२ चे शांततेचे नोबेल मिळवणाऱ्या रिगोबेर्ता मेंचू या किचे माया आहेत. ग्वातेमालाच्या यादवीत (१९६०-१९९६) दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी केली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ साली नोंदवले की, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. त्यांची खेडी जाळली जात असताना जग त्यांना ‘गूढरीत्या नाहीसे झालेले लोक’ म्हणत होते.

२६/
त्यांच्या पूर्वजांचा आवाज एकदा जाळला गेलाच आहे. १२ जुलै १५६२ रोजी युकातानमधील मानी गावी दिएगो दे लांडा या धर्मगुरूने मायांच्या पोथ्या होळीत घातल्या. पुढे त्यानेच लिहून ठेवले की, त्या लोकांना याचे अतोनात दुःख झाले. आज जगात मायांच्या अवघ्या चार पोथ्या शिल्लक आहेत. दैवगती पाहा : त्याच लांडाने टिपून ठेवलेल्या अक्षरांच्या यादीने चार शतकांनी लिपी उलगडायला मदत केली. आज माया तरुण आपल्या पूर्वजांची लिपी पुन्हा लिहायला शिकत आहेत. ते स्वतःची नावे कोरायला शिकत असताना आपण त्यांच्या मंदिरांवर मयासुराची पाटी ठोकावी?

२७/
त्यांचे श्रेय मान्य करणे म्हणजे त्यांना देवत्व देणे नव्हे. टेनोच्टिट्लानमध्ये नरबळी दिले जात. इंकांनी जिंकलेल्या जमातींना घरादारासह दूरदूर हलवले. माया राजे एकमेकांची नगरे लुटत. ती माणसे होती. कल्पक आणि क्रूरही, जशी जगातील इतर साम्राज्यकर्ती माणसे. त्यांच्या कर्तृत्वाबरोबर त्यांचे दोषही त्यांच्याच नावावर राहू द्यावेत.

२८/
आपला त्यांच्याशी खरोखरच एक संबंध आहे आणि तो कल्पित वसाहतीपेक्षा कितीतरी जवळचा आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. आपला साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा कंद, त्यातले शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची : चारही अमेरिकेतील मूळनिवासींनी लागवडीखाली आणलेली पिके. पेरू, पपई, टोमॅटो, डहाणू-घोलवडचा चिकू, कोकणचा काजू यांचे माहेरही तेच. ‘बटाटा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतून, ‘काजू’ आणि ‘अननस’ हे शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून, पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आले. आपण त्यांना काही शिकवल्याचा पुरावा नाही. त्यांनी आपल्याला उपवासाला जेवू घातल्याचा पुरावा मात्र ताटात आहे.

२९/
म्हणून इतिहासप्रेमी तरुणांना एक आग्रहाचे सांगणे. असे चित्र पुन्हा समोर आले की ते पुढे पाठवण्यापूर्वी विचारा : त्या वास्तूवर काही लिहिलेले आहे का आणि ते कुणी वाचले आहे का? तेथे आज कोण राहते आणि त्यांचे म्हणणे काय आहे? हे श्रेय काढून घेतल्याने कुणाचा लाभ होतो? उत्तरे शोधायला थोडा वेळ जाईल. पाकालचे नाव त्याच्या झाकणावर तेराशे वर्षांपासून कोरलेले आहे. ते वाचण्याइतका वेळ त्याला देणे अवघड नाही.

(धागा समाप्त. पटल्यास पुढे पाठवा. न पटल्यास पुराव्यासह खाली लिहा.)